काट्यावरच्या डीव्हीआरची हार्ड डिस्क बदलणे : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२५

सकाळी गाड्या तोलण्याचे काटाघर उघडले तेव्हा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारे यंत्र) सारखा वाजत होता आणि पडद्यावर हार्ड डिस्कमध्ये त्रुटी असल्याची सूचना होती. आठही कॅमेऱ्यांचे थेट चित्र स्वच्छ दिसत असल्यामुळे मापारी भाऊ म्हणाले, "कॅमेरे त चालूच हायेत ना, भाऊ." त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण थेट चित्र डिस्क नसतानाही दिसते. मेनूत जाऊन पाहिले तेव्हा शेवटचे चित्रीकरण ११ सप्टेंबरच्या पहाटे थांबल्याचे आढळले, म्हणजे चार दिवस जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) काय झाले याची कसलीही नोंद नाही. हंगाम सुरू झालेला नाही, त्यामुळे आज नुकसान काही नाही. परंतु सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिल्या वेच्याचा कापूस येऊ लागेल तेव्हा हीच स्थिती राहिली, तर हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या या छोट्या जिनिंगवर बाजार समितीतून बोली लागून येणारी प्रत्येक गाडी आमच्या शब्दावर तोलली जाईल, आणि शेतकऱ्याला दाखवायला आमच्याकडे पावतीशिवाय काही नसेल.

गेल्या जानेवारीतली गोष्ट येथे लिहून ठेवतो, कारण या कामाचे मूळ तीच आहे. एक शेतकरी काका आपल्या गाडीच्या वजनाबद्दल शंका घेऊन नवव्या दिवशी आले होते. आमच्याकडे तेव्हा पावणेसहा दिवसांचेच चित्रीकरण साठत असे. काका काही न बोलता पावती घडी करून निघून गेले. तोल बरोबर होता की चूक, हे मला आजही माहीत नाही, आणि ते मला खुपते.

१६ सप्टेंबर

नवी डिस्क मागवण्याआधी जुनी खरोखर गेली आहे का, हे ठरवणे आवश्यक होते. डीव्हीआर बंद करून वरचे झाकण काढले. आत रुईच्या तंतूंचा थर इतका होता की वायुविजनाच्या फटी दिसतच नव्हत्या. ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ केले, डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटाची डेटा केबल बदलली आणि पुन्हा सुरू केले. डिस्क फिरू लागल्याचा आवाज आला, काही सेकंदांनी टक्-टक् झाले आणि डीव्हीआर आपोआप पुन्हा सुरू झाला. असे तीनदा झाले.

हे लक्षण डिस्कचे असू शकते, तसेच अपुऱ्या विजेचेही असू शकते, म्हणून मल्टिमीटर लावला. डिस्क न जोडता ॲडॅप्टर ११.९ व्होल्ट देत होता. डिस्क जोडून सुरू करताच तो १०.४ पर्यंत खाली येत होता. साडेतीन इंची डिस्कला १२ आणि ५ असे दोन व्होल्टेज लागतात. बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या या डीव्हीआरमध्ये १२ व्होल्ट थेट ॲडॅप्टरकडून डिस्कच्या मोटरला जातात आणि ५ व्होल्ट बोर्डावर तयार होतात. १२ व्होल्टमध्ये साधारण १० टक्के चढउतार डिस्क सहन करते, म्हणजे १०.८ च्या खाली ते जाता कामा नये. मूळ ॲडॅप्टर दोन वर्षांपूर्वी जळाला तेव्हा जवळच्या दुकानातून २ ॲम्पियरचा आणला होता, आणि तो मीच आणला होता. थांबलेल्या तबकड्या फिरवायला सुरुवातीच्या क्षणी डिस्क एकटीच दोन ॲम्पियरच्या घरात प्रवाह ओढू शकते, शिवाय बोर्डाची गरज वेगळी. नवी डिस्क याच ॲडॅप्टरवर लावली असती तर तीही थोड्याच दिवसांत अशीच अडखळू लागली असती. यादीत पहिली वस्तू म्हणून १२ व्होल्ट ४ ॲम्पियरचा ॲडॅप्टर लिहिला. व्होल्ट तेच आणि पिनेची ध्रुवता तीच असली की ॲम्पियर जास्त असल्याने काही बिघडत नाही. उपकरण लागेल तेवढेच घेते.

१८ सप्टेंबर

जुनी डिस्क घरच्या संगणकाला जोडली. जोडताच विंडोजने ती "इनिशियलाइझ" करायची का, असे विचारले. डीव्हीआर आपल्याच पद्धतीने डिस्क मांडतो, विंडोजला ती मांडणी कळत नाही आणि म्हणून त्याला ती कोरी वाटते. येथे "होय" म्हटले तर मांडणीचा पहिला भागच पुसला जातो, त्यामुळे तो प्रश्न रद्द केला. ज्यांना जुने चित्रीकरण वाचवायचे आहे त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ज्यात ठेवते त्या स्मार्ट तक्त्यात तीन आकडे पाहिले. खराब झाल्याने बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) ३१२, वाचता न आल्याने प्रलंबित सेक्टर ८८, आणि चालू राहिल्याचे तास ४१,३८६. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये बसवल्यापासून लाईन गेल्याचे तास सोडले तर ती जवळपास अखंड चालली आहे. म्हणजे ॲडॅप्टर अपुरा होता हे खरे, पण डिस्कही खराब झाली आहे.

लेबल नीट वाचल्यावर कळले की ती साधी घरगुती संगणकाची १ टेराबाईट (हजार गीगाबाईट) डिस्क होती. अशा डिस्कचे निर्माते जे गृहीत धरतात त्यात आणि आमच्या वापरात मोठे अंतर आहे. उदाहरणार्थ, सीगेटच्या बॅराकुडा मालिकेच्या तपशीलपत्रात वर्षाला २,४०० तास चालणे आणि ५५ टेराबाईट कामाचा भार गृहीत धरलेला असतो. टेहळणीसाठीच्या स्कायहॉक मालिकेत तेच आकडे ८,७६० तास आणि १८० टेराबाईट असे आहेत. आमचे आठ कॅमेरे प्रत्येकी २ मेगाबिट प्रतिसेकंद दराने रोज १७२.८ गीगाबाईट लिहीत होते, म्हणजे वर्षाला ६३ टेराबाईट. घरगुती डिस्कने हे पाच वर्षे सोसले, याबद्दल तिला दोष देता येत नाही.

२० सप्टेंबर

दिवाणजी काकांसोबत बसलो. त्यांनी "दुकानात जी भेटते ते आणून टाक" असे सुचवले. मी त्यांना विनंती केली की आधी किती दिवस साठवायचे ते आपण ठरवू, मग डिस्कचा आकार आपोआप ठरेल. जानेवारीतली घटना त्यांनाही आठवत होती. शेतकरी कापूस विकून गावी जातो, पैसे खात्यात यायला काही दिवस लागतात, मग तो पावती आणि रक्कम ताडून पाहतो, आणि शंका आली तरी पुढच्या फेरीशिवाय त्याचे येणे होत नाही. हे सगळे मोजून आम्ही ३० दिवस ही किमान मर्यादा ठरवली.

हिशोब असा मांडला. १ मेगाबिट प्रतिसेकंद दराचा एक कॅमेरा दिवसाला ८६,४०० मेगाबिट लिहितो. आठ बिटांचा एक बाईट, म्हणून त्याला आठने भागले की १०.८ गीगाबाईट होतात. काट्यावरचे दोन कॅमेरे, एक गाडीच्या क्रमांकासाठी आणि एक वजनाच्या आकड्यांसाठी, २ मेगाबिटवर ठेवायचे. फाटक, कापसाच्या गंजीचे दोन, जिन हॉल, प्रेस हॉल आणि कार्यालय या सहांना १ मेगाबिट पुरे. एकूण १० मेगाबिट, रोज १०८ गीगाबाईट, ३० दिवसांचे ३.२४ टेराबाईट. म्हणजे २ टेराबाईटची डिस्क १८ दिवसांत भरेल आणि ४ टेराबाईटची ३७ दिवस पुरेल. आमचा डीव्हीआर चित्र दाबून साठवण्याच्या एच.२६४ या जुन्या पद्धतीवरच चालतो, नवी एच.२६५ असती तर दर आणखी उतरवता आला असता.

हालचाल झाली तरच चित्रीकरण, असा पर्याय काकांनी विचारला. गंजीच्या बाबतीत मी तो ठामपणे नाकारला. कापसाच्या ढिगातली आग आत धुमसत राहते आणि पहिला धूर इतका विरळ असतो की हालचाल ओळखणारी यंत्रणा तो टिपेलच याची खात्री नाही. आग कोठून आणि केव्हा सुरू झाली, हे शोधताना नेमकी तीच मिनिटे हवी असतात. उलट ताडपत्री फडफडली किंवा कुत्रे आले की ती रात्रभर सुरू राहणार.

२३ सप्टेंबर

सुसंगततेचा दिवस. डीव्हीआरच्या पुस्तिकेत एकच साटा जागा आणि जास्तीत जास्त ४ टेराबाईट असे लिहिले आहे. म्हणजे आमची गरज आणि यंत्राची मर्यादा एकमेकींना जेमतेम टेकतात. ६ टेराबाईटची डिस्क दुकानात सहज मिळते, पण पुस्तिकेच्या पुढे जाऊन प्रयोग करण्याची ही जागा नाही.

यंत्रांना अशा मर्यादा का असतात, याचे एक उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या मांडणीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि एक सेक्टर ५१२ बाईटचा असतो, त्यामुळे २.२ टेराबाईटच्या पुढचा पत्ता लिहिताच येत नाही. अशी मर्यादा असलेल्या यंत्रात ४ टेराबाईटची डिस्क लावली तर कधी ती दिसत नाही, कधी २,०४८ गीगाबाईटच दिसते, आणि कधी आकडा गुंडाळला जाऊन १,६७८ दिसते. योग्य ओळख झाली तर ३,७२६ दिसले पाहिजे, कारण निर्माता टेराबाईट हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या. हे तीन आकडे वहीच्या कडेला लिहून ठेवले आहेत.

पुस्तिकेतील शिफारशीच्या यादीत डब्ल्यूडी पर्पल या टेहळणीच्या डिस्कचा "डब्ल्यूडी ४० पीयूआरएक्स" हा क्रमांक आहे. तो आता नवा मिळत नाही. त्याच्या जागी पुढच्या पिढीचा "डब्ल्यूडी ४३ पीयूआरझेड" असतो. यादीत नेमका क्रमांक नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, मात्र क्रमांक वाचता आला पाहिजे. पहिले दोन अंक आकार व पिढी सांगतात, "पीयूआर" म्हणजे पर्पल, शेवटचे अक्षर पिढीनुसार बदलत गेले. सीगेटमध्ये "एसटी ४००० व्हीएक्स" असा प्रारंभ असेल तर ती टेहळणीची स्कायहॉक, "डीएम" असेल तर घरगुती, "एनएम" असेल तर सर्व्हरसाठीची. दुकानदार "हीच चालते" म्हणाला तरी ही दोन अक्षरे पाहून घ्यावीत.

आता "डीएम" का नको, याचे प्रामाणिक उत्तर लिहितो. नव्या दराने आमचे लेखन वर्षाला ३९ टेराबाईटवर येते, म्हणजे ५५ च्या आतच. केवळ त्या आकड्याच्या आधारे घरगुती डिस्क बाद करता येत नाही. कारणे तीन आहेत. पहिले, तासांचे, जे वर लिहिले आहे. दुसरे, चूक झाल्यावरचे वागणे : घरगुती डिस्कला वाचता न येणारा सेक्टर भेटला की ती तो मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कारण संगणकातल्या एका कागदपत्राचा एक बाईटही गमावणे परवडत नाही, पण तेवढ्या सेकंदांत आठ कॅमेऱ्यांचे चित्र दारात तिष्ठत उभे राहते आणि त्यातले काही गळून पडते. टेहळणीच्या डिस्कचे फर्मवेअर (डिस्कमध्येच बसवलेला प्रोग्राम) सलग प्रवाहासाठीच्या आज्ञा पाळते आणि एका ठिपक्यासाठी प्रवाह थांबवत नाही. तिसरे कारण ४ टेराबाईटच्या आकारात विशेष महत्त्वाचे आहे. या आकाराची बॅराकुडा, "एसटी ४००० डीएम ००४", एसएमआर पद्धतीची आहे. या पद्धतीत माग (तबकडीवरच्या लेखनाच्या वर्तुळाकार रेघा) एकमेकांवर चढवलेले असतात, अगदी आपल्या घरांवरच्या कवेलूंसारखे. मधले एक कवेलू बदलायचे तर त्यावर टेकलेली ओळ उचलावी लागते. डीव्हीआर डिस्क भरल्यावर सर्वांत जुने पुसून सतत त्याच जागी नवे लिहितो, म्हणजे हे कवेलू शाकारणे वर्षभर, रात्रंदिवस चालणार. सीएमआर पद्धतीत माग शेजारी शेजारी असतात आणि हा प्रश्न येत नाही.

सर्व्हरसाठीची डिस्क मजबूत असते, पण ७,२०० फेऱ्यांची असल्याने जास्त तापते आणि जास्त वीज घेते. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात ४५ अंश असताना मला ती नको. एसएसडीचा (फिरत्या तबकड्या नसलेल्या डिस्कचा) विचार किमतीपाशीच थांबला.

२७ सप्टेंबर

नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीत चार दुकाने फिरलो. एकाने सर्व्हरमधून काढलेली ४ टेराबाईट डिस्क निम्म्याहून कमी किमतीत देऊ केली. स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे होते आणि साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर आधी केबल लावल्याच्या रेघा होत्या. दुकानदाराने ती वापरलेली असल्याचे स्वतःच सांगितले, त्यामुळे फसवणूक काही नव्हती, पण आमच्या कामासाठी ती नाकारली.

शेवटी पर्पल ४३ पीयूआरझेड घेतली. पैसे देण्याआधी अनुक्रमांक मोबाईलवरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून हमी तीन वर्षांची आणि आजच्या जवळपास सुरू झालेली दिसते का, ते पाहिले. दिसली. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला. सोबत ४ ॲम्पियरचा ॲडॅप्टर, नवी साटा केबल आणि सीआर २०३२ बॅटरी. बसमध्ये डिस्क मांडीवरच ठेवली. डिक्कीत टाकण्याची ती वस्तू नाही.

२८ सप्टेंबर

स्मार्ट तक्त्यात चालू तास ०, बदललेले आणि प्रलंबित सेक्टर ०. पूर्ण पृष्ठभागाची चाचणी लावली. सरासरी १५० मेगाबाईट प्रतिसेकंद वेगाने ४ टेराबाईटला साडेसात तास लागतात, प्रत्यक्षात आठ लागले. दुपारी लाईन गेली, पण संगणक इन्व्हर्टरवर असल्याने चाचणी तुटली नाही. एकही चूक नाही.

४ ऑक्टोबर

दसरा झाल्यावर बसवण्याचे काम घेतले. आधी रिकाम्या डीव्हीआरवर नवा ॲडॅप्टर : १२.१ व्होल्ट. डिस्क जोडून सुरू करताना सर्वांत खालचा आकडा ११.७. डिस्क तळाच्या चार स्क्रूंनी आवळली. स्क्रू लांब घेतले तर आतल्या बोर्डाला लागतात, म्हणून जुनेच वापरले. मेनूत आकडा आला ३,७२६. तो पाहून मला किती समाधान झाले ते या वहीत लिहायला हरकत नाही. त्यानंतर डीव्हीआरमधूनच डिस्क फॉरमॅट केली, आठही कॅमेऱ्यांचे दर ठरल्याप्रमाणे लावले आणि चोवीस तास सलग चित्रीकरण सुरू केले.

डीव्हीआरचे घड्याळ सात मिनिटे पुढे निघाले. येथे इंटरनेट जोडलेले नाही, त्यामुळे ते आपोआप सुधारत नाही, आणि बोर्डावरची बॅटरी उतरली असल्याने लाईन गेली की ते भरकटत असे. बॅटरी बदलली. काट्याच्या पावतीवरची वेळ आणि चित्रीकरणावरची वेळ जुळली नाही, तर महिनाभराचे चित्रीकरण असूनही कोणती गाडी कोणती ते सिद्ध करता येणार नाही. दर महिन्याच्या १ तारखेला मोबाईलशी वेळ जुळवण्याचे काम मापारी भाऊंनी स्वतःकडे घेतले आहे.

५ ऑक्टोबर

डीव्हीआर ज्या बंद लाकडी पेटीत होता ती काढून जाळीची पेटी बसवली. जाळीला आतून धुता येईल असा पातळ स्पंज लावला, कारण हंगामात हवेत रुई उडते आणि ती अडवली नाही तर फटी महिनाभरात पुन्हा बुजतील. दुपारी तीन वाजता डिस्कचे तापमान ४१ अंश. या डिस्कची मर्यादा ६५ अंश आहे. मे महिन्यात पुन्हा मोजणार. डीव्हीआर आता यूपीएसवर आहे. जुन्या डिस्कवर माणसांची चित्रे आहेत, ती भंगारात जाऊ नये म्हणून चिठ्ठी लावून दिवाणजी काकांच्या कपाटात बंद केली.

१० नोव्हेंबर

आज डिस्क भरून पहिल्यांदा जुने पुसले जाऊ लागले. सर्वांत जुने चित्रीकरण ५ ऑक्टोबरचे मिळाले, म्हणजे ३६ दिवस. हिशोबापेक्षा एक दिवस कमी. मांडणीसाठी डीव्हीआर काही जागा राखून ठेवतो. चित्र कोठेही तुटलेले नाही.

२१ नोव्हेंबर

एक शेतकरी काका २७ ऑक्टोबरच्या तोलाबद्दल आले. त्या दिवशी काट्याहून संगणकाकडे येणारी वायर बंद असल्याने पावत्या हाताने लिहिल्या होत्या. पावतीवरच्या वेळेने चित्रीकरण दोन मिनिटांत सापडले. गाडी तीच, क्रमांक स्पष्ट. भरलेल्या गाडीच्या वजनाचे आकडे मावळतीच्या उजेडात पांढरे झाले होते आणि वाचता आले नाहीत. रिकाम्या गाडीचे मात्र वाचता आले : २,३४० किलो. पावतीवर लिहिले होते २,४३०. दिवाणजी काकांनी स्वतः दोनदा पाहिले आणि ९० किलो कापसाचे पैसे त्या दिवशीच्या भावाने देण्यास सांगितले. चित्रफीत पेनड्राइव्हवर काढून तिचे शा-२५६ मूल्य (फाईल बदलली की बदलणारा तिचा जणू अंगठ्याचा ठसा) बिलाच्या प्रतीवर लिहून ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर प्रमाणपत्रात हे मूल्य लागते.

पांढरे झालेले आकडे ही आमची त्रुटी आहे. त्या कॅमेऱ्याची दिशा संध्याकाळीच वीस अंशांनी वळवली, वर पत्र्याची सावली केली आणि त्याचा दर २ वरून ३ मेगाबिट केला. एकूण दर ११ मेगाबिट, रोज ११८.८ गीगाबाईट, साठा ३३ दिवसांच्या आसपास येईल. मावळतीच्या वेळेचे आकडे उद्यापासून आठवडाभर रोज तपासायचे आहेत.